धूळपाटीवरचे गुण : सहलेखन, विद्यापीठ आणि पुण्यातला एक फसलेला प्रयोग

मराठी विकिपीडियावर नव्या लेखकाला सरावासाठी जी कोरी जागा दिलेली असते, तिला 'धूळपाटी' म्हणतात. शब्द जुना आहे. दगडी पाटी आणि पेन्सिल घरोघरी येण्याआधी पंतोजींच्या शाळेत मुले फळीवर धूळ पसरून अक्षरे गिरवत. चुकले की हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचे. त्या अक्षरांना कुणी गुण देत नसे, कारण ती टिकण्यासाठी लिहिलेलीच नसत. संगणकावरची धूळपाटी मात्र काहीच पुसत नाही. खोडलेले वाक्य पानावरून जाते, पण पानाच्या 'इतिहासा'त राहते. कोणत्या सदस्याने, किती वाजता, किती अक्षरे घातली आणि किती काढली, हे सारे तिथे ओळीने नोंदलेले असते आणि ते कुणालाही पाहता येते.

विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने अशा जागी लिहिले, तर त्याला गुण कसे द्यायचे? प्रश्न परीक्षा विभागाचा वाटतो, पण त्याच्या पोटात बरेच काही आहे. लेखक कोणाला म्हणायचे, नक्कल कशाला म्हणायचे आणि ज्ञानाचा पुरावा कोणता मानायचा, हे तिन्ही प्रश्न त्यात येतात. या प्रश्नाची परीक्षा महाराष्ट्रात एकदा झालेली आहे. तिचा निकाल आपण नीट वाचला नाही, असे माझे म्हणणे आहे.

पुणे, २०११

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१० साली अमेरिकेत एक उपक्रम सुरू केला होता. सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या निबंधाऐवजी विकिपीडियाचे लेख लिहून घ्यायचे, अशी ती कल्पना होती. तिला स्टँटन फाउंडेशनचे बारा लाख डॉलरचे अनुदान होते. तिथे बरे चालले, म्हणून २०११ साली तोच साचा भारतात आणला गेला आणि त्यासाठी पुणे निवडले गेले. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिंबायोसिसची अर्थशास्त्र शाखा आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ या संस्था त्यात होत्या. विद्यार्थ्यांनी आपापल्या अभ्यासविषयांवर लिहायचे होते आणि लिहायचे होते ते मुख्यतः इंग्रजी विकिपीडियावर. मदतीला 'कॅम्पस अँबॅसिडर' नेमले होते.

काही महिन्यांत विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना एकाच तऱ्हेच्या भरी दिसू लागल्या. पाठ्यपुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारेच्या उतारे जसेच्या तसे लेखांत येत होते. एक काढला की दुसरा येई. हे काम निस्तरणारी माणसे बिनपगारी होती, जगात कुठे कुठे बसलेली होती, आणि हा उपक्रम ठरवताना त्यांना कुणी विचारलेले नव्हते. शेवटी सत्र पुरे होण्याआधीच मोठ्या भागातला उपक्रम थांबवावा लागला. योगायोग असा, की त्याच २०११च्या नोव्हेंबरात, १८ ते २० तारखांना, मुंबई विद्यापीठात विकिपीडियाची भारतातली पहिली मोठी परिषद भरत होती. पुढे फाउंडेशनने बाहेरच्या मूल्यमापकाकडून या प्रयोगाची तपासणी करून घेतली. विद्यार्थी फार होते, घाई फार झाली, मदतनीसांना विकिपीडियाचा स्वतःचा अनुभव तोकडा होता आणि जुन्या संपादकांना विश्वासात घेतले गेले नाही, अशी कारणे पुढे आली.

या प्रसंगाचे प्रचलित वाचन एका वाक्यात सांगता येते : आपली पोरे कॉपी करतात. परदेशी संपादकांनी ते सौम्य शब्दांत म्हटले, आपल्याकडच्यांनी खाली मान घालून मान्य केले. मला हे वाचन अपुरे वाटते.

उतरवणे हीच विद्या

अभियांत्रिकीचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून काय करतो ते पाहू. 'सबमिशन' जवळ आले की जर्नल उतरवायचे असते. एकाने लिहिलेले जर्नल वसतिगृहाच्या मजल्यावर खोलीखोलीतून फिरते. ड्रॉइंगच्या शीटचे तर स्वतंत्र शास्त्रच आहे. काचेखाली दिवा लावायचा, मित्राचे शीट खाली आणि आपले वर ठेवून रेषा ओढायच्या. याला 'जीटी' म्हणजे ग्लास ट्रेसिंग म्हणतात आणि ते शिक्षकांनाही ठाऊक असते. शिक्षक सही करतो, गुण मिळतात. कला शाखेत गाइडातला उतारा उत्तरपत्रिकेत जितका तंतोतंत येईल तितके उत्तर 'मुद्देसूद' ठरते. ज्या व्यवस्थेत हुबेहूब उतरवण्याला वर्षानुवर्षे गुण मिळतात, त्या व्यवस्थेतल्या मुलाला एके दिवशी इंटरनेटवर बसवून 'आता उतरवलेस तर गुन्हा' असे सांगितले, तर तो काय करणार? तो त्याला शिकवलेलीच गोष्ट करणार. पुण्यात तेच झाले.

त्यात आणखी एक गाठ होती. आपल्या वर्गात 'संदर्भ दिला की चोरी नाही' असा समज असतो. विकिपीडियावर तेवढ्याने भागत नाही. तिथला मजकूर कुणीही घ्यावा, बदलावा, पुन्हा छापावा अशा मुक्त परवान्याखाली असतो. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा तळाशी नाव देऊन घातला, तरी तो मुक्तपणे वाटण्याचा अधिकार आपल्याला नसतो, म्हणून तो काढला जातो. वाङ्मयचौर्य आणि स्वामित्वहक्काचा भंग हे दोन वेगळे दोष आहेत. पहिला लेखकाच्या श्रेयाशी संबंधित आहे, दुसरा मालकीशी. हा फरक आपल्याकडच्या पदवीच्या वर्गात तेव्हा शिकवला जात नव्हता.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयीचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, दहा ते चाळीस पहिली पातळी, चाळीस ते साठ दुसरी, साठाच्या वर तिसरी. नियम व्हायलाच हवे होते. पण टक्केवारी यंत्र मोजते, आणि ते मोजून झाल्यावर शिक्षकाला वाचण्याची गरज उरली नाही असा समज पसरतो. मग विद्यार्थी शब्द फिरवून टक्का खाली आणायला शिकतो. एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की ते माप म्हणून निकामी होते, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे निरीक्षण इथे शब्दशः लागू पडते.

गुण कशाला दिले?

अमेरिकेतल्या त्या पहिल्या उपक्रमात लेखांचा दर्जा मोजण्यासाठी २६ गुणांची एक पट्टी केली होती. आशयाच्या व्याप्तीला १०, संदर्भांना ६, तटस्थतेला ३, वाचनीयतेला ३, मांडणीला २ आणि चित्रांना २. पट्टी विचारपूर्वक केलेली आहे, यात शंका नाही. पण ती लेख मोजते. लेख लिहिणारा काय शिकला हे ती सांगत नाही, आणि तिचा तो दावाही नव्हता. वर्गात मात्र लेखाचे गुण हेच विद्यार्थ्याचे गुण धरण्याचा मोह होतो.

हे बरोबर का नाही, ते एका यशस्वी उदाहरणावरून दिसेल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००८ साली जॉन बीस्ले-मरे या प्राध्यापकांनी लॅटिन अमेरिकी कादंबरीच्या वर्गाला विकिपीडियावर लिहायला लावले. त्यांचा नियम धाडसी होता. लेख विकिपीडियाच्या परीक्षणात 'चांगला लेख' ठरला तर 'अ' श्रेणी, आणि 'विशेष लेख' ठरला तर 'अ+'. मिगेल आंखेल आस्तुरियास यांच्या 'एल सेन्योर प्रेसिदेन्ते' या कादंबरीवरचा विद्यार्थ्यांचा लेख खरोखरच विशेष लेख झाला. अनोळखी माणसांनी काढलेल्या चुका, मागितलेले संदर्भ आणि पुन्हा पुन्हा केलेले लेखन यांतून तो घडला. पण वर्ग एकच होता, विद्यार्थी मोजके होते, आणि प्राध्यापक स्वतः त्यांच्याबरोबर संपादन करत होते. शिवाय साहाय्याला आलेल्या जुन्या संपादकांचा एक गट शेवटपर्यंत सोबत राहिला.

तरीही त्या नियमात एक अन्याय आहे. श्रेणी देण्याचा अधिकार विद्यापीठाने बाहेरच्या अनाम मंडळाला दिला. त्या मंडळाला त्याचे मानधन नाही आणि विद्यार्थ्याला त्याच्याविरुद्ध दाद नाही. पुण्यात हीच गोष्ट उलट बाजूने घडली. स्वयंसेवक परीक्षक झाले, पण नाइलाजाने. एकाच्या शिक्षणाची मजुरी दुसऱ्याने फुकट करावी, ही अपेक्षा दोन्हीकडे होती. सहलेखनाच्या गोडव्यात हा मुद्दा सहसा बोलला जात नाही.

कोणी लिहिले?

'गटाने केलेल्या कामात कुणी किती केले ते कळत नाही' ही प्राध्यापकांची जुनी तक्रार आहे. पानाचा इतिहास त्यावर उपाय वाटतो, कारण तिथे प्रत्येक भर नावानिशी असते. पण ती नोंद टंकणाऱ्याची असते. चौघांनी मिळून विचार केला आणि ज्याच्याकडे चांगला फोन होता त्याने टंकले, तर इतिहासात एकच नाव दिसते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ही शक्यता अपवादाची नाही. उलट, एकेक स्वल्पविराम वेगवेगळ्या वेळी घालून कुणीही आपली नावनोंदणी दहापट करू शकतो. म्हणून इतिहास हा पुरावा आहे, निकाल नाही. न्यायाधीशाने साक्ष ऐकावी तसा तो वाचावा लागतो, आणि वाचायला वेळ लागतो.

आमच्या भागात सहलेखनाचे खरे व्यासपीठ मात्र विकिपीडिया नाही, व्हॉट्सअॅपचा गट आहे. २०२०च्या टाळेबंदीत ते उघड झाले. वर्ग बंद, नेटवर्क टेकडीवर गेले तरच मिळणार, अशा स्थितीत नोट्स, प्रश्न, शंका, उत्तरे सगळे गटातच फिरले. अंतिम वर्षाच्या परीक्षा शेवटी बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या. त्या काळात एकमेकांना समजावून सांगण्याचे जे प्रचंड काम मुलामुलींनी केले, अहिराणीत, भिलीत, पावरीत, मोडक्या मराठीत, त्याची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत नाही. आणि व्हायलाही नको, असे मी म्हणेन. गटातले बोलणे खासगी आहे. जिथे मुले न घाबरता चुकतात अशी एखादी जागा परीक्षकाच्या नजरेबाहेर राहिली पाहिजे. प्रत्येक सहकार्याला गुण लावले, तर मदत करणाराही आधी हिशेब करील.

पुस्तकात नाही ते कुठे लिहायचे?

आता सर्वांत अवघड भाग. त्या २६ गुणांपैकी ६ संदर्भांचे आहेत, आणि विकिपीडियाला संदर्भ हवा तो प्रकाशित, तपासता येणारा. पुण्याच्या विद्यार्थ्याला संगणकशास्त्रावर लिहिताना संदर्भांचा ढीग मिळतो. सातपुड्यातल्या मुलीने अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीवर लिहायचे ठरवले, तर वर्तमानपत्रांतल्या चार बातम्या मिळतील. होळीआधी बावा आणि बुध्या जी पाळणी पाळतात तिचे नियम, त्यांमागच्या कथा, कोणत्या पाड्याचा कोणता मान, हे तिच्या आजोबांना ठाऊक आहे. पण आजोबा प्रकाशित नाहीत. पट्टी लावली तर तिला सहापैकी एक गुण मिळेल आणि गाइडातून उतरवणाऱ्याला पाच. म्हणजे ही पट्टी न बोलता सांगते, की ज्यांच्याविषयी इतरांनी आधी लिहिले आहे त्यांनीच लिहावे.

याला उत्तर शोधण्याचा प्रयत्नही पुण्याच्या प्रयोगाच्याच वर्षी, २०११ साली, झाला होता. अचल प्रभला यांनी 'पीपल आर नॉलेज' या प्रकल्पात मौखिक संदर्भांची कल्पना मांडली. जाणत्या माणसांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती घ्यायच्या, त्या सर्वांना ऐकता येतील अशा ठेवायच्या आणि लेखात त्यांचा आधार द्यायचा. भारतात मल्याळम आणि हिंदीत, दक्षिण आफ्रिकेत सेपेडी भाषेत काम झाले. 'कुणीही काहीही सांगेल, ते खरे कशावरून' हा आक्षेप आला आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही.

पण मराठी वाचकाला या आक्षेपाचे उत्तर परके वाटायला नको. मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ, 'लीळाचरित्र', मौखिक साक्षींतूनच उभा राहिला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांना गाठून एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा शिष्यांनी आठवणींतून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, आणि त्यांतले फरक दडपून न टाकता ज्याच्या त्याच्या नावाने जपले. हिराइसेचा पाठ म्हणून आपण ओळखतो तो त्यांपैकीच एक. साक्षीदाराचे नाव, पारखणारा जाणता आणि मतभेदाची नोंद या तीन गोष्टी असल्या, की तोंडी सांगणे संदर्भ होऊ शकते. सहलेखनाची ही शिस्त आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी होती. विश्वकोशानेही आपल्या पद्धतीने ती सांभाळली. वाईच्या मंडळाने १९७६ पासून काढलेल्या खंडांत नोंदीखाली लेखकाचे नाव असते. संपादन अनेकांचे असले, तरी श्रेय आणि जबाबदारी नावाची राहते.

मग काय करावे?

हा प्रश्न आता सवडीचा राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणाखाली २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही फील्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्काचे प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. जळगावच्या आमच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखालचे धुळे-नंदुरबारचे हजारो विद्यार्थी ते प्रकल्प करणार. दुसरीकडे, २०२२च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले आणि घोटीव अंतिम मजकूर हा शिकल्याचा पुरावा राहिला नाही. जर्नल उतरवायला आता मित्रही लागत नाही. अशा वेळी तयार वस्तूला गुण देत राहणे म्हणजे परीक्षा न घेताच निकाल लावणे होय.

माझ्या मते चार गोष्टी कराव्यात. एक, गुण प्रवासाला द्यावेत : कोणता संदर्भ कसा शोधला, कुणाला विचारले, चर्चापानावर आलेल्या हरकतीला काय उत्तर दिले, कोणते वाक्य का काढले. लेख टिकला की उडाला यावर एकही गुण नसावा, कारण ते विद्यार्थ्याच्या हाती नाही. दोन, शेवटी तोंडी परीक्षा असावी. दहा मिनिटे समोर बसवून 'हे वाक्य इथे का?' एवढे विचारले तरी उतरवलेले आणि समजलेले वेगळे होते. ज्याचे नाव इतिहासात दिसत नाही त्यालाही तिथे न्याय मिळतो. तीन, प्रकाशनाची सक्ती नसावी. आपले लेखन जगाला कायमचे फुकट द्यायचे की नाही आणि आपल्या विसाव्या वर्षाच्या चुका कायम उघड ठेवायच्या की नाही, हा निर्णय विद्यार्थ्याचा आहे. वहीवरची धूळपाटीही तितकीच मान्य असावी. चार, मौखिक संदर्भाला छापील संदर्भाइतकेच गुण असावेत, पण म्हाइंभटांच्या अटींवर : सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, दुसऱ्या जाणत्याकडून पारख, आणि वेगळे मत असेल तर त्याचीही नोंद.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येईल. एका प्राध्यापकाकडे सव्वाशे विद्यार्थी, निम्मी पदे रिकामी किंवा तासिका तत्त्वावर भरलेली, त्यात इतिहास कोण वाचणार? आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'मग टक्केवारीच बघू' हा नाही. निष्कर्ष असा, की सव्वाशे जणांना हे काम देऊ नये. पुण्याच्या प्रयोगाचा तोच धडा आहे. पहिल्या वर्षी पंधरा विद्यार्थी पुरेत. उरलेल्यांना वाचनालयाचे प्रकल्प द्यावेत, ते काही कमी प्रतीचे नाहीत.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून उघडपणे येणार नाही, म्हणून मीच मांडतो. या कामाचे गुण देणाऱ्याने स्वतः ते केलेले असले पाहिजे. ज्याने एकही लेख लिहिला नाही, ज्याचे एकही वाक्य अनोळखी माणसाने उडवलेले नाही, त्याला विद्यार्थ्याच्या चर्चापानावरचा राग, माघार आणि दुरुस्ती यांतले शिक्षण दिसणार नाही. प्रकल्प मंजूर करताना विद्यापीठाने विद्यार्थ्यांची यादी मागण्याआधी मार्गदर्शकाच्या सदस्यपानाचा इतिहास मागवावा. निदान एका सत्राचा. तो नसेल, तर प्रकल्प पुढच्या वर्षावर ढकलावा.